‘रिकामं मन सैतानाचं घर’ हे बायबलचं वचन नाही

सोलापुरातल्या ख्रिस्ती घरांतून हे वाक्य शास्त्रवचन म्हणून सांगितलं जातं. बायबलमध्ये ते कुठेही नाही. ती म्हण आहे. आळसाला बायबल फटकारतंच, नीतिसूत्रे ६ मध्ये आळशाला मुंगीकडून शिकायला पाठवलंय. पण विसावा म्हणजे आळस नव्हे. मार्क ६:३१ मध्ये, जेवायलाही सवड न उरलेल्या शिष्यांना येशू स्वतःच थोडा विसावा घ्यायला सांगतो. निर्गम २० मधली शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा तर दासदासींना, गुराढोरांनाही सुट्टी देते. इफिसकरांस ५:१६ वेळेचा सदुपयोग करा म्हणतं, आणि लगेच पुढे प्रभूची इच्छा समजून घ्यायला सांगतं. म्हणून, आठवडाभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई रविवारी उपासनेनंतर घटकाभर आडवी झाली, तर तिला हे ‘वचन’ ऐकवणं मला अन्यायाचं वाटतं.