बुटक्या पॉइंट गार्डची वाट नियमांनी मोकळी केली

1937पर्यंत अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मैदानाच्या मध्यावर नेऊन दोन्ही संघांच्या एकेका गड्यामध्ये पुन्हा उडवला जाई. ज्यांच्याकडे ताडमाड गडी, चेंडू त्यांचाच. ती पद्धत गेली, बास्केट खाल्लेल्या संघाला आपल्या टोकाकडून चेंडू आत आणायला मिळू लागला आणि तो झपाट्याने पुढे नेणाऱ्या गड्याची किंमत वाढली. बुटक्या पॉइंट गार्डची, म्हणजे चेंडू पुढे नेऊन डाव रचणाऱ्या गड्याची, गोष्ट मी इथून धरतो. जिद्दीचं कौतुक एरवी पुष्कळ होतं.

तरी 1969मध्ये सहा फुटांच्या आतल्या, कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या खेळाडूंसाठी वेगळा पुरस्कार काढावा लागला, यातच सगळं आलं. त्याच सुमारास नायगारा विद्यापीठाचा 5 फूट 9 इंचांचा कॅल्विन मर्फी सामन्यामागे 33 गुणांच्या सरासरीने खेळत होता. सिराक्यूजविरुद्ध तर त्याने एकट्याने 68 गुण काढले.

खरी जागा झाली ऐंशीच्या दशकात. 1985-86च्या हंगामात 45 सेकंदांचं शॉट क्लॉक आलं, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट मारायचं बंधन; पुढच्याच हंगामात तीन गुणांची रेषा, जिच्या बाहेरून मारलेल्या बास्केटला दोनाऐवजी तीन गुण. चेंडू घेऊन रेंगाळणं संपलं आणि उंच बचावपटूंना बास्केटखालून बाहेर यावं लागलं. नेमका तोच वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या मग्सी बोग्सचा कॉलेजमधला शेवटचा हंगाम. उंची 5 फूट 3 इंच! समोरच्याच्या हातातला चेंडू लुबाडतो म्हणून 'मग्सी' (इंग्रजीत 'मग' म्हणजे लुटणं). त्याचा ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत नेणं, इतका खाली की साडेसहा फुटी माणसाला चेंडूपर्यंत हात न्यायचा तर कंबरेत वाकावं लागे, आणि तोवर हा निघून गेलेला असे. 1987च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगच्या संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, वॉशिंग्टनने त्याला बाराव्या क्रमांकावर घेतलं.

पुढे 1999मध्ये कनेक्टिकटचा खलीद अल-अमीन (5 फूट 10 इंच) आणि 2009मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा टाय लॉसन (5 फूट 11 इंच) यांनी राष्ट्रीय विजेतेपदच मिळवलं. 2013-14पासून चेंडूवाल्याला हाताने अडवून धरण्यावर पंचांनी शिट्ट्या वाजवायला सुरुवात केली, त्याचाही फायदा अशांनाच.

दुखणं राहिलं ते बचावात. बचावपटूंची अदलाबदल झाली की लहान गड्यासमोर एकदम धिप्पाड माणूस येतो आणि त्याच्या डोक्यावरून निवांत शॉट मारतो.

23 मार्च 2023, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. कॅन्सस स्टेटचा मार्क्विस नोवेल, उंची 5 फूट 8 इंच, गाव न्यूयॉर्कच. घोटा मुरगळलेला, मिशिगन स्टेटविरुद्धचा सामना जादा वेळेत. कोचकडे वळून तो हुज्जत घालतोय असं वाटत होतं, तेवढ्यात त्याने चेंडू वर भिरकावला आणि कीऑन्टे जॉन्सनने तो हवेतच झेलून पाठमोरा डंक केला, म्हणजे वरून थेट बास्केटमध्ये कोंबला. नोवेलचे 19 असिस्ट (ज्यातून थेट बास्केट होते असे पास) झाले, एनसीएए या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेतला विक्रम. तीन महिन्यांनी झालेल्या एनबीए ड्राफ्टमध्ये 58 खेळाडू निवडले गेले. त्यात तो नव्हता.