फर्गसन यांचा दाखला
मँचेस्टर युनायटेड हा इंग्लिश फुटबॉल क्लब लागोपाठ दोन-चार सामने हरला की मॅनेजरला ठेवावे की काढावे हा वाद पेटतो आणि फर्गसन यांनाही वेळ दिला होता, याची आठवण कोणीतरी हमखास करून देतो. दाखला खरा आहे. सांगितला मात्र तो बहुधा अर्धाच जातो.

अॅलेक्स फर्गसन नोव्हेंबर १९८६ मध्ये युनायटेडचे मॅनेजर म्हणून आले. १९८७-८८ चे लीगमधले दुसरे स्थान सोडले तर त्यांची सुरुवातीची वर्षे निराशेचीच होती. सप्टेंबर १९८९ मध्ये शहरातल्याच प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीने ५-१ असा धुव्वा उडवला. त्याच डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्ड या घरच्या मैदानावर क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या सामन्यात एका प्रेक्षकाने पलंगावरची चादर फलक म्हणून उंचावली. तीन वर्षे सबबी ऐकल्या तरी खेळ भिकारच, तेव्हा टाटा फर्गी, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर रंगवलेला होता. तो सामनाही युनायटेडने १-२ असा गमावला.

महिनाभरात, ७ जानेवारी १९९० रोजी, एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध वीस वर्षांच्या मार्क रॉबिन्सने मार्क ह्यूजच्या पासवर हेडरने सामन्यातला एकमेव गोल केला आणि तोच पुढे ‘नोकरी वाचवणारा गोल’ म्हणून दंतकथेत जमा झाला. फर्गसन यांना काढण्याचा विचारच नव्हता, असे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी नंतर सांगितले. मला त्यांचे म्हणणे अधिक पटते, कारण युवा संघांची आणि खेळाडू हेरणाऱ्या यंत्रणेची जी नव्याने बांधणी चालू होती, ती गुणतक्त्यात दिसत नसली तरी संचालकांना दिसत होती. दाखल्याचा न सांगितला जाणारा अर्धा भाग तो हाच. लीगमध्ये तेराव्या स्थानी राहिलेल्या त्या संघाने मे महिन्यात त्याच पॅलेसला हरवून एफए कप जिंकला; लीगचे विजेतेपद मात्र १९९३ मध्ये, २६ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मिळाले.

फर्गसन २०१३ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या डेव्हिड मोईस यांच्याशी सहा वर्षांचा करार झाला होता. दहा महिन्यांत त्यांना घरी पाठवण्यात आले. पुढचे मॅनेजर लुई व्हान गाल यांना तर २०१६ मध्ये एफए कप जिंकल्यानंतर दोनच दिवसांत नारळ मिळाला.

नंतरचे एक मॅनेजर एरिक टेन हाग यांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. २०२३-२४ मध्ये संघ लीगमध्ये आठवा आला, पण एफए कपच्या अंतिम सामन्यात गार्नाचो आणि मेनू यांच्या गोलांवर सिटीला २-१ असे नमवले. फुटबॉलचा कारभार नुकताच हाती घेतलेल्या सहमालक जिम रॅटक्लिफ यांच्या गटाने हंगामाचा आढावा घेतला आणि जुलैमध्ये टेन हाग यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला. त्यांच्या हाताखाली आयाक्स या डच क्लबमध्ये खेळलेले डे लिख्ट आणि मझरावी यांनाही आणले. नव्या हंगामात लीगच्या नऊ सामन्यांनंतर संघ चौदाव्या स्थानी असताना, २८ ऑक्टोबर २०२४ रोजी, टेन हाग यांनाच पदमुक्त करण्यात आले. ठेवण्याचा निर्णय एकवेळ समजू शकतो. पण आधी करार वाढवायचा, त्यांच्या ओळखीच्या खेळाडूंवर पैसा ओतायचा आणि चार महिन्यांत माघार घ्यायची, याला संयम म्हणता येत नाही.

त्यांच्यानंतर आलेल्या रूबेन अमोरिम यांना मॅनेजर नव्हे, ‘हेड कोच’ हे पद मिळाले, कारण खरेदी-विक्रीची सूत्रे फर्गसन यांच्याप्रमाणे एका माणसाकडे न ठेवता ती क्रीडा संचालकाच्या कक्षेत गेली होती. क्रीडा संचालक म्हणून जुलैमध्ये रुजू झालेले डॅन अॅशवर्थ डिसेंबरात क्लब सोडूनही गेले. अमोरिम यांचा पहिला हंगाम पंधराव्या स्थानावर संपला, म्हणजे १९९० पेक्षाही दोन पायऱ्या खाली, आणि बिल्बाओत टॉटनहॅमकडून युरोपा लीग या युरोपातल्या दुसऱ्या दर्जाच्या क्लब स्पर्धेचा अंतिम सामनाही गेला. तरीही त्या उन्हाळ्यात क्लबने त्यांना कायम ठेवले.