किलोमागे किती किलोवॅट? विमानाची मोटर, गाडीची मोटर आणि नेमप्लेट वाचायची कशी

आमच्याकडे जुन्या गाड्या इलेक्ट्रिक करून घेणारे येतात, कॉलेजच्या रेसिंग टीमची पोरं येतात, हल्ली कामशेतकडची पॅरामोटरवाली (पाठीवर मोटर-पंखा बांधून पॅराशूटसारख्या पंखाखाली उडणारी) मंडळीपण यायला लागलीत, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, किलोमागे किती किलोवॅट देते ही मोटर? प्रश्नात काही चूक नाही, पण नुसत्या त्या आकड्यावर मोटर घेतली की पैसे जातात, म्हणून हे पत्रक.

आधी आकडेच बघू. सीमेन्सने २०१५ साली विमानासाठी एसपी२६०डी ही मोटर दाखवली, वजन ५० किलो, पॉवर २६० किलोवॅट, म्हणजे किलोला ५ च्या जरा वर. तेव्हा गाड्यांच्या मोटरी किलोला २ च्या आसपास असायच्या त्यामुळे बरीच चर्चा झाली. आता ल्युसिड कंपनीच्या गाडीचं ड्राइव्ह युनिट घ्या, मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीचा मोटरसाठी एसी करणारा डबा), गिअर, डिफरन्शियल सगळं धरून ७४ किलो आणि कंपनी सांगते ५०० किलोवॅट. किलोला पावणेसात झाले की! म्हणजे कागदावर गाडी विमानाच्या पुढे. मग विमानवाल्यांना कळत नाही असं आहे का?

तसं नाही. गाडीचा ५०० हा पीकचा आकडा आहे, सिग्नल सुटल्यावर काही सेकंद दाबायचा. विमानाचा २६० हा कंटिन्युअस आहे, सलग. जरा हिशोब करून बघा, दीड-पावणेदोन टनाची गाडी सपाट हायवेला शंभरच्या स्पीडने जाते तेव्हा तिला १५-२० किलोवॅट पुरतात, घाटात साठने चढताना फार तर २५. म्हणजे मोटर बहुतेक वेळ आरामातच असते. बीएमडब्ल्यू आय३ ची मोटर पीकला १२५ किलोवॅट आणि सलग ७५, आणि मालकाला आयुष्यात याची कधी अडचण येत नाही. विमानात असं चालत नाही, टेकऑफला फुल, मग वर चढताना मिनिटंच्या मिनिटं जवळपास फुल, आणि वर गेल्यावर पण निम्म्याच्या वरच. तिथे मोटर तापली म्हणून बाजूला घेऊन थांबता येत नाही.

सगळी गोष्ट उष्णतेवर येते. ९५ टक्के एफिशियन्सी म्हणजे भारी वाटतं ना, पण २६० किलोवॅटवर उरलेले ५ टक्के म्हणजे १३ किलोवॅट उष्णता, ती पन्नास किलोच्या डब्यातून सतत बाहेर काढायची. करंट दुप्पट केला की वाइंडिंगमधली, म्हणजे तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यातली, उष्णता चौपट होते, तारेवरचं क्लास एच इन्सुलेशन १८० डिग्रीपर्यंतचं, आणि मॅग्नेट तर कधी कधी त्याच्या आधीच कमजोर पडतात. म्हणून सीमेन्सवाल्यांनी वीज न वाहणारं लिक्विड थेट वाइंडिंगवरूनच फिरवलं. वजनासाठी काय काय केलं तेपण बघण्यासारखं आहे, पुढचं एंड शील्ड, ज्यात बेअरिंग बसतं ते, कॉम्प्युटरवर कोरून कोरून साडेदहा किलोवरून ४.९ किलोवर आणलं. आमच्या शॉपमध्ये एंड शील्डकडे कोण बघत पण नाही खरं सांगायचं तर.

दुसरा मुद्दा आरपीएमचा आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मोटरचं वजन साधारण टॉर्कवर, म्हणजे फिरवायच्या जोरावर ठरतं, किलोवॅटवर नाही. ५० किलोवॅट १०,००० आरपीएमला पाहिजे तर ४८ न्यूटन मीटर पुरतात, तेच २,५०० ला पाहिजे तर १९१ लागतात. गाडीची मोटर म्हणूनच जोरात फिरवतात, ल्युसिडची २०,००० पर्यंत जाते, आणि खाली गिअर टाकतात. प्रॉपेलरला हे चालत नाही कारण १.८ मीटरचा प्रॉपेलर २,५०० ला फिरला तरी पात्याचं टोक सेकंदाला २३५ मीटर जातं, आवाजाचा वेग ३४० च्या आसपास, त्याच्या जवळ गेलं की नुसता गोंगाट आणि जोर कमी. मग एकतर मोटरच हळू फिरणारी घ्या नाहीतर गिअरबॉक्स लावा, आणि गिअरबॉक्सचं वजन किलोत धरा (हे धरायचं लोक हमखास विसरतात). शिवाय प्रॉपेलर शाफ्टला पुढे ओढतो, गाडीच्या मोटरचं बेअरिंग त्या ओढीसाठी निवडलेलं नसतं. म्हणून उडायच्या कामाला आम्ही गाडीची मोटर देत नाही, कितीही आग्रह केला तरी.

सर्टिफाइड माल किती साधा असतो ते पण बघा. पिपिस्ट्रेलचं व्हेलिस इलेक्ट्रो हे युरोपात २०२० ला पहिलं टाइप सर्टिफाइड (म्हणजे डिझाइनला सरकारी मंजुरी मिळालेलं) इलेक्ट्रिक विमान झालं, त्याची मोटर २२.७ किलोची, टेकऑफला ५७.६ किलोवॅट आणि सलग ४९.२. किलोला २ च्या थोडं वर, बस. उलट यासा कंपनीने २०२५ मध्ये १२.७ किलोच्या मोटरमधून पीकला ७५० किलोवॅट काढल्याचं सांगितलंय, पण ते टेस्ट बेंचवर, आणि सलगचा त्यांचाच अंदाज ३५० ते ४०० चा. तोही भन्नाटच आहे म्हणा. आणि व्हेलिसमध्ये मोटर हलकी असली तरी बॅटरी तिच्या कितीतरी पट जड आहे आणि उड्डाण पाऊण-एक तासाच्या आतलं, त्यामुळे मोटरमध्ये दोन किलो वाचवायला जास्तीचे पैसे द्यायच्या आधी बॅटरीचा हिशोब करा. गाडीवाल्यांनी तर विमानाच्या मोटरचा विचारच सोडा, दीड टनात वीस किलो कमी झाले काय आणि नाही झाले काय. रेसिंगवाल्या पोरांचं वेगळं.

तर नेमप्लेटवर किंवा ब्रोशरमध्ये बघायचं काय, तर पॉवरच्या पुढे वेळ लिहिलीय का. आपल्याकडे एआयएस-०४१ या गाड्यांच्या टेस्टिंग स्टँडर्डमध्ये ३० मिनिटांची पॉवर मोजतात, बिगर लायसन स्कूटरची २५० वॅटची अटपण त्याच ३० मिनिटांच्या पॉवरवर आहे, पीकवर नाही. शेतातल्या १० एचपीच्या पंपाच्या मोटरवर एस-वन लिहिलेलं असतं म्हणजे कितीही वेळ चालवा, आणि म्हणूनच ती साडेसात किलोवॅटला साठ-सत्तर किलो भरते. वेळ लिहिलीच नसेल तर आकडा पीकचाच समजा. मग वजनात इन्व्हर्टर, केबल, रेडिएटर आणि कूलंट धरलंय का ते विचारा.

आमच्याकडे चौकशी करताना गाडीचं वजन किंवा प्रॉपेलरचा व्यास, सलग किती मिनिटं फुल लोड लागणार आणि बॅटरीचा व्होल्टेज एवढं लिहून पाठवा, जुनी मोटर असेल तर नेमप्लेटचा फोटो, कनेक्टर दिसेल असा. गुरुवारी शॉप बंद असतं.