तिकिटाच्या मागची बारीक अक्षरे : राज्य लॉटरीचे नियम आले कुठून?

सरकारी लॉटरीत एका अंकावर बक्षीस देता येत नाही. ० ते ९ मधला एक आकडा लावायचा आणि तोच आला की पैसे घ्यायचे, अशी योजना कोणत्याही राज्याने काढली तर ती बेकायदा ठरते. केंद्राच्या १९९८ च्या लॉटरी (नियमन) कायद्यात राज्यांना ज्या अटी घातल्या आहेत, त्यांतली पहिलीच अट ही आहे. तिकिटावर छापलेल्या नियमांपैकी बहुतेकांच्या मागे असा एखादा धंदा, भांडण किंवा खटला असतो. या अटीच्या मागे मटका आहे.

मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव तारेने येत, आणि त्या भावांवर आकडा लावला जाई. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणे थांबले, पण आकडा लावणारे थांबले नाहीत. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीचा मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी ‘न्यू वरळी’. मडक्यातून चिठ्ठ्या काढल्या जात, पुढे पत्ते आले. तीन पत्त्यांची बेरीज करायची, तिचा शेवटचा अंक म्हणजे ‘ओपन’. रात्री पुन्हा तीन पत्ते, त्यांचा ‘क्लोज’. दोन्ही मिळून ‘जोडी’. एका अंकावर साधारण नऊ पट मिळत. दहात एक संधी, त्यामुळे दर थोड्या दिवसांनी कोणीतरी ओळखीचा जिंकलेला दिसायचाच. मटक्याची पकड होती ती इथे. मोठ्या बक्षिसापेक्षा वारंवार लागणारे छोटे बक्षीस माणसाला जास्त खेचते, आणि जिंकलेले पैसे त्याच संध्याकाळी परत त्याच टपरीवर जातात.

या पार्श्वभूमीवर १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. लोक आकडा लावणारच असतील तर तो सरकारी तिकिटावर लावावा आणि नफा तिजोरीत यावा, असा त्यामागचा हिशेब. केरळ दोन वर्षे आधी या वाटेने गेले होते. १९६७ मध्ये तिथे स्वतंत्र लॉटरी खाते निघाले आणि २६ जानेवारी १९६८ ला पहिली सोडत झाली. तिकीट एक रुपयाचे, पहिले बक्षीस ५०,००० रुपयांचे. महाराष्ट्रात मटका लॉटरीमुळे संपला, असे मात्र कोणी म्हणू नये. तो पुढची कितीतरी वर्षे जोरात चालला. आठवड्याची सोडत आणि दिवसाला दोनदा फुटणारा आकडा यांची स्पर्धाच होऊ शकत नव्हती.

सरकारने लॉटरी काढणे ही मुळात साठच्या दशकातली कल्पना नाही. कलकत्त्याचा टाउन हॉल (१८१३) लॉटरीच्या पैशातून उभा राहिला, आणि १८१७ मध्ये नेमलेल्या ‘लॉटरी कमिटी’ने त्या शहराचे रस्ते आणि तळी अशाच पैशातून केली. मुंबईचा टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची पायऱ्यांची पांढरी इमारत, हीसुद्धा लॉटरीच्या भरवशावर सुरू झाली. प्रस्ताव १८११ चा, इमारत पुरी झाली १८३३ मध्ये. मधेच लॉटरीचे पैसे संपले आणि कचेऱ्यांना जागा मिळण्याच्या बोलीवर सरकारला उरलेला खर्च उचलावा लागला. लॉटरीवर भांडवली कामे काढली की काय होते, याचा हा नमुना फोर्टात आजही उभा आहे.

मग १८४४ च्या कायद्याने सरकारी परवानगीशिवायच्या सर्व लॉटऱ्या बंद झाल्या. १८७० मध्ये भारतीय दंड संहितेत कलम २९४-अ घातले गेले आणि बिनपरवाना लॉटरीचे कार्यालय चालवणे गुन्हा ठरले. भारतीय न्याय संहितेत हेच आता कलम २९७ आहे. गंमत अशी, की आपल्याकडच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात ‘जुगार’ या शब्दाच्या व्याख्येतून लॉटरी वगळलेली आहे. पत्त्यांच्या क्लबवर धाड घालणारा कायदा वेगळा आणि लॉटरीचा वेगळा, हा फरक तेव्हापासूनचा.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षे खरा त्रास होता तो शब्दकोड्यांचा. प्रवेश फी भरून कोडे सोडवायचे, उत्तर संपादकाच्या बंद पाकिटातल्या उत्तराशी जुळले तर बक्षीस. त्यात बुद्धी थोडी आणि नशीब फार. मुंबई सरकारने त्यावर कर बसवला, अशा स्पर्धा चालवणाऱ्या चमारबागवाला यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५७ मध्ये न्यायालयाने सांगितले, की जुगार हा संविधानाने संरक्षण दिलेला व्यापार नाही. लॉटरीवरच्या पुढच्या जवळपास प्रत्येक निकालात या वाक्याचा आधार घेतलेला दिसतो.

संविधानाने मात्र एक गुंता करून ठेवला. ‘पैज आणि जुगार’ हा विषय राज्यांच्या यादीत आहे, पण ‘भारत सरकारने किंवा राज्य सरकारने चालवलेल्या लॉटऱ्या’ हा विषय केंद्राच्या यादीत, ४० व्या नोंदीत. म्हणजे आपली लॉटरी काढायची की नाही हे राज्य ठरवते, पण दुसऱ्या राज्याची आपल्या हद्दीत विकू द्यायची की नाही हे नाही. महाराष्ट्राने ते करून पाहिले. इतर राज्यांच्या तिकिटांना इथे बंदी घातली आणि १९८४ मध्ये एच. अनराज विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. संसदेने कायदा केल्याशिवाय असे करता येणार नाही, असा निकाल लागला. त्यानंतर देशभरात परराज्यांच्या तिकिटांचा पूर आला. लहान राज्ये सगळा कारभार एखाद्या वितरकाच्या हाती देऊन ठरावीक रक्कम घेत. छपाई, विक्री, सोडत सारे त्याचेच. एक अंकी योजना निघाल्या आणि सरकारी शिक्क्याखाली मटकाच चालू झाला.

१९९८ चा कायदा या काळाला दिलेले उत्तर आहे, म्हणून त्याच्या अटी या चुकांची यादी म्हणून वाचाव्यात. तिकीट राज्य सरकारनेच छापायचे आणि त्यावर राज्याचे चिन्ह हवे, कारण खासगी छपाईत एकच क्रमांक दोनदा छापला जाण्याचा धोका. सोडत राज्यानेच आणि राज्याच्या हद्दीतच काढायची, कारण कुठल्यातरी दूरच्या हॉटेलात काढलेली सोडत कोण तपासणार? विक्रीचे पैसे राज्याच्या लोकलेख्यात, म्हणजे सरकारी खात्यात, जमा करायचे. कोणी न मागितलेले बक्षीस सरकारचे, वितरकाचे नाही. एका लॉटरीची आठवड्यात एकच सोडत. एका लॉटरीच्या बंपर, म्हणजे मोठ्या बक्षिसाच्या खास, सोडती वर्षाला सहापेक्षा जास्त नाहीत. अटी मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा दंड किंवा दोन्ही. कायदा जुलै १९९८ चा असला तरी अंमल २ ऑक्टोबर १९९७ पासून धरला आहे, कारण आधी अध्यादेश निघाला होता.

आठवड्यात एक सोडत म्हटले तरी विक्रेत्याच्या फळीवर रोजची सोडत दिसते. कारण अट ‘एका लॉटरीची’ आहे. वाराप्रमाणे वेगळ्या नावाची योजना काढली की नियम मोडत नाही. तीच युक्ती एक अंकाच्या बंदीवर चालली. कायद्याने एक अंक बंद केला, तेव्हा दोन अंकी खेळ आले. ०० ते ९९ मधला आकडा सांगायचा, यंत्रातून पावती निघते, थोड्याच वेळात निकाल. २००२ च्या सुमारास संगणकावरची ऑनलाइन लॉटरी फोफावली आणि सिक्कीमच्या लॉटरीचे ‘प्लेविन’ गल्लोगल्ली दिसू लागले. या खेळांवर लगाम घालायला २०१० चे नियम आले. त्यांनुसार एका राज्याच्या सगळ्या योजना मिळून दिवसाला २४ पेक्षा जास्त सोडती काढता येत नाहीत. तरीही दोन अंकी खेळ आणि मटक्याची जोडी यांत शंभरात एक हे गणित सारखेच आहे. आमच्या मते कायद्याची ही सर्वांत मोठी फट.

परराज्यांच्या तिकिटांचा प्रश्न १९९९ मध्ये पुन्हा न्यायालयात आला. कायद्याच्या पाचव्या कलमाने राज्यांना परक्या लॉटरीवर बंदी घालण्याचा अधिकार दिला होता. न्यायालयाने तो मान्य केला, पण एका बोलीवर : आधी स्वतःची लॉटरी बंद करा. तमिळनाडूने २००३ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरी पूर्ण बंद केली. महाराष्ट्राने आपली चालू ठेवली, त्यामुळे इतरांची रोखता येईना. २००६ मध्ये राज्याने सोडतीगणिक कर बसवणारा कायदा केला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा राज्याने स्वतः चालवलेल्या लॉटरीवर १२ टक्के आणि वितरकामार्फत देशभर विकल्या जाणाऱ्या लॉटरीवर २८ टक्के असे दोन दर होते. एकच दर असावा की नाही यावर जीएसटी परिषदेत एकमत होईना. परिषदेच्या इतिहासातले पहिले मतदान डिसेंबर २०१९ मध्ये याच विषयावर झाले. १ मार्च २०२० पासून सर्वांना २८ टक्के, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. कर तिकिटाच्या छापील किमतीतच धरलेला असतो. १०० रुपयांच्या तिकिटात मूळ किंमत ७१ रुपये ४३ पैसे, कर २८ रुपये ५७ पैसे. विक्रेत्याचे कमिशन, छपाई, राज्याचा नफा आणि बक्षिसे हे सगळे त्या ७१ रुपयांतून भागवायचे असते.

आता तिकीट वाचायचे कसे. आधी मालिकेची अक्षरे, मग क्रमांक, सोडतीची तारीख आणि वेळ, योजनेचे नाव. केरळच्या साप्ताहिक योजनेचे गणित सोपे आहे म्हणून ते घेऊ. १२ मालिका आणि प्रत्येकीत १००००० ते ९९९९९९ असे ९ लाख क्रमांक, म्हणजे १ कोटी ८ लाख तिकिटे. पहिले बक्षीस मालिका आणि सहाही अंक जुळले तरच. क्रमांक तोच पण मालिका दुसरी असेल तर ते उत्तेजनार्थ बक्षीस, आणि अशी तिकिटे ११ असतात. लहान बक्षिसे शेवटच्या चार अंकांवर. एक चार अंकी शेवट निघाला की पूर्ण छपाईत त्याची १,०८० तिकिटे असतात, तुमची संधी दहा हजारांत एक. सर्व मालिकांतले एकाच क्रमांकाचे तिकीट घेतल्याने पहिले बक्षीस लागण्याची संधी तिकिटांच्या संख्येइतकीच वाढते, पण लहान बक्षीस लागलेच तर सगळ्यांना एकदम लागते. न लागले तर सगळीच फुकट.

बंपरच्या तिकिटावर एक ओळ जरूर शोधावी : पहिले बक्षीस विकल्या गेलेल्या तिकिटांतूनच काढले जाणार आहे का? तसे लिहिलेले नसेल तर न विकलेल्या तिकिटाला बक्षीस लागून रक्कम सरकारकडेच राहू शकते.

निकाल बघताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. मालिका न बघता क्रमांक जुळवणे, शेवटच्या चारऐवजी पहिले चार अंक बघणे, त्याच नावाच्या योजनेचा मागच्या आठवड्याचा निकाल बघणे. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तिकीट विक्रेत्याच्या हाती देऊन ‘बघा जरा’ म्हणणे. तिकीट ज्याच्या हातात, बक्षीस त्याचे, म्हणून घेतल्याबरोबर मागे नाव, पत्ता आणि सही करावी. तिकीट लॅमिनेट करू नये, त्यावर चिकटपट्टी लावू नये, क्रमांकाच्या आसपास घडी घालू नये. खाडाखोड, फाटलेला क्रमांक किंवा झेरॉक्स यावर पैसे मिळत नाहीत. पाचजणांनी मिळून घेतले असेल तर सोडतीच्या आधीच एका कागदावर पाचांची नावे आणि हिस्से लिहून सह्या कराव्यात. नंतर लिहिलेल्या कागदाला भांडणात फारशी किंमत राहत नाही, आणि कर ज्याच्या पॅनवर कापला जातो त्याच्याच नावावर सगळी रक्कम दिसते.

महाराष्ट्रात १०,००० रुपयांपर्यंतचे बक्षीस विक्रेत्याकडून मिळते. त्यावरची मागणी वाशीच्या राज्य लॉटरी कार्यालयाकडे मूळ तिकीट, पॅन, ओळखपत्र आणि बँक खात्याच्या तपशिलासह करायची, तिकिटामागच्या मुदतीच्या आत. केरळमध्ये ही मुदत ३० दिवसांची आहे, आणि तिथून आणलेले तिकीट खिशात ठेवून विसरणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे. १०,००० च्या वरच्या बक्षिसातून ३० टक्के प्राप्तिकर कापूनच पैसे हातात पडतात. तिकिटांवर झालेला खर्च त्यातून वजा करता येत नाही. एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असले तरी हा कर माफ होत नाही. वर ४ टक्के उपकर असतो आणि रक्कम मोठी असेल तर अधिभारही, जो विवरणपत्र भरताना समोर येतो. केरळच्या ओणम बंपरचे पहिले बक्षीस २५ कोटींचे. त्यातून आधी १० टक्के एजंटचे, म्हणजे अडीच कोटी. उरलेल्या साडेबावीस कोटींवर ३० टक्के, पावणेसात कोटी. खात्यात येतात १५ कोटी ७५ लाख, आणि अधिभार व उपकर अजून भरायचेच असतात.

केरळचे तिकीट फक्त कागदी आहे, ते ऑनलाइन विकले जात नाही. तेव्हा व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो पाठवून पैसे मागणारा कोण असेल ते उघड आहे. आपण न घेतलेल्या तिकिटाचे बक्षीस आपल्याला लागत नाही. आणि बक्षीस सोडवण्यासाठी आधी ‘प्रक्रिया शुल्क’ किंवा कर भरा, असे कोणतेही राज्य सांगत नाही. कर बक्षिसातून कापला जातो, खिशातून आधी मागितला जात नाही.