बंध तुटताना ऊर्जा मिळत नाही, लागते

लातूर-नांदेडला नीटची तयारी करणाऱ्या कितीतरी पोरांनी एक वाक्य घोकलेलं असतं: "रासायनिक बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते." हे साफ चूक आहे. कोणताही बंध, म्हणजे अणूंना एकत्र धरणारा दुवा, तोडायला ऊर्जा द्यावीच लागते. बाहेर पडते ती नवा बंध जुळताना.

शेतावरच्या गोबरगॅसचंच घ्या. त्यात जळतो तो मिथेन. एक मोल (रेणू मोजायचं रसायनशास्त्रातलं माप) मिथेनमधले कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला ४ × ४१३ = १६५२ किलोज्यूल आणि दोन मोल ऑक्सिजनला २ × ४९८ = ९९६, असे एकूण २६४८ खर्ची पडतात. कार्बन डायऑक्साइड (२ × ७९९) आणि पाण्याची वाफ (४ × ४६३) तयार होताना मात्र ३४५० परत येतात. वरचे ८०२ किलोज्यूल म्हणजे शेगडीची आच. (आकडे सरासरी आहेत, पुस्तकागणिक थोडे बदलतात.) पेटवायला आधी काडी का लावावी लागते, तेही यातूनच कळतं.

या समजाला जोर मिळतो तो जीवशास्त्राच्या तासाला. एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) "उच्च ऊर्जा बंध" तुटतो आणि ऊर्जा सुटते, असं सांगितलं जातं. तिथेही तो बंध तोडायला ऊर्जा लागतेच. पाण्याशी अभिक्रिया होऊन जास्त स्थिर पदार्थ तयार होतात, म्हणून एकूण हिशेबात ऊर्जा उरते.