बिलावर ‘दुसरी तपासणी’ ही ओळ का असते?

सप्रेम नमस्कार,

एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा, विमान कलवणारा भाग), एलिव्हेटर (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा), रडर (शेपटीवरचा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा) किंवा ट्रिम (वैमानिकाला सतत जोर लावावा लागू नये म्हणून असलेली जुळणी), यांपैकी कशालाही हात लागला की आमच्या विमान-देखभालीच्या बिलावर ‘दुसरी तपासणी’ अशी एक ओळ येते आणि विमान एक दिवस उशिरा मिळतं. धुळे, शिरपूर, बारामतीच्या उड्डाण-शाळांची मंडळी विचारतात, ‘काम तर काल संध्याकाळीच झालं होतं ना?’ प्रश्न रास्त आहे. एक विमान दिवसभर उभं राहिलं की किती विद्यार्थ्यांचे तास बुडतात, हे आम्ही जाणतो. काम झालं होतं, हेही खरं. ते बरोबर झालंय का, हे पाहायचं राहिलं होतं.

पंखातून जाणाऱ्या एलेरॉनच्या दोन केबल दिसायला सारख्याच असतात. बसवताना त्यांची अदलाबदल झाली तरी टर्नबकल (केबलचा ताण कमी-जास्त करणारा जोड) नीट बसू शकतं, ताण बरोबर येतो, योक (कॉकपिटमधलं विमानाचं सुकाणू) या टोकापासून त्या टोकापर्यंत विनाअडथळा फिरतं. फक्त डावीकडे वळवलं की विमान उजवीकडे कलतं. उड्डाणाआधी वैमानिक कंट्रोल हलवून पाहतो आणि ‘फुल अँड फ्री’ (पूर्ण आणि मोकळे) म्हणतो, त्यात काही खोटं नसतं. पण कंट्रोल मोकळे आहेत म्हणजे ते योग्य दिशेने हलतात, असं नव्हे.

२३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमधल्या वुडफर्डला ॲव्ह्रो ट्यूडर जातीचं विमान उडताच कोसळलं. एलेरॉनच्या केबल उलट जोडल्या गेल्या होत्या. मृतांमध्ये रॉय चॅडविक होते, लँकेस्टर बॉम्बरचे रचनाकार. सत्तर वर्षं उलटली, विमानात संगणक आले, तरी ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमध्ये मोठी देखभाल आटोपून निघालेल्या एम्ब्रेअर १९० मध्ये पुन्हा तीच चूक निघाली. आत सहा जण होते. दोन एफ-१६ लढाऊ विमानं सोबतीला आली आणि तिसऱ्या प्रयत्नात ते बेजाच्या धावपट्टीवर उतरलं. सगळे वाचले.

अमेरिकेत शार्लटला ८ जानेवारी २००३ रोजी तसं झालं नाही. बीच १९०० डी विमानाच्या एलिव्हेटर केबलचं रिगिंग (केबलची जोडणी आणि जुळणी) चुकलं होतं. नाक खाली करण्याची एलिव्हेटरची हालचाल जवळजवळ अर्ध्यावर आली होती. विमान तसंच उडत राहिलं. शेपटीकडे भार जास्त झाला त्या फेरीत मात्र नाक खाली येईना, आणि २१ माणसं गेली. चौकशीत दिसलं की रिगिंगच्या काही पायऱ्या गाळल्या होत्या, आणि मेकॅनिकला काम शिकवणारा माणूसच ते काम तपासणारा होता. ‘दुसरी तपासणी’ म्हणताना आमचा सगळा भर ‘दुसरी’ या शब्दावर आहे, तो यासाठी.

आमच्याकडेही हे घडता घडता राहिलं. तीन वर्षांपूर्वी एका चार आसनी विमानाची एलिव्हेटर ट्रिमची केबल बदलली. ट्रिम टॅबची (एलिव्हेटरच्या मागच्या कडेवरच्या छोट्या पट्टीची) मेख अशी, की नाक वर हवं असेल तर टॅब खाली जातो. काम करणारा आमचा जुना, हाताचा पक्का माणूस. टॅब हलताना त्याने स्वतः पाहिला, पण ‘नाक वर, म्हणजे टॅब वर’ हेच डोक्यात बसल्यामुळे उलटा चाललेला टॅब त्याला बरोबर दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्याचा त्या कामाशी काही संबंध नव्हता असा एएमई (विमान देखभाल अभियंता) उघडं मॅन्युअल घेऊन शेपटीशी उभा राहिला. ट्रिमचं चाक फिरवायला सांगितलं आणि म्हणाला, ‘थांबा.’ आदल्या संध्याकाळी विमान दिलं असतं तर? तो विचार आजही मनातून जात नाही.

ही तपासणी पॅनल (केबलपर्यंत पोहोचण्यासाठी उघडलेली झाकणं) बंद करण्याआधी होते. कॅसल नटमध्ये (खाचा असलेल्या नटमध्ये) तो फिरू नये म्हणून नवी स्प्लिट पिन आहे का (जुनी सरळ करून पुन्हा घालायची नाही), टर्नबकलच्या बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसत नाहीत ना, लॉकवायर (जोड सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) घातली आहे का, हे सगळं तेव्हाच दिसतं. पॅनल लागलं की दिसेनासं होतं.

उशिराचं आणखी एक कारण म्हणजे आपल्याकडची हवा. जानेवारीत निफाडकडे पहाटे पारा पाच अंशांखाली जातो, एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चाळिशीला टेकतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. त्यामुळे उन्हात विमानाचा सांगाडा ताणतो आणि आतली पोलादी केबल घट्ट होते, थंडीत सैल पडते. उन्हातून आत घेतलेल्या विमानाचा ताण लगेच मोजला तर आकडा फसवतो. म्हणून विमान रात्रभर हँगरमध्ये ठेवून, सकाळी तापमान बघून, तक्त्याप्रमाणे ताण लावतो.

विमान न्यायला याल तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवा आणि सोबत एकाला आणा. त्याला शेपटीमागे उभं करा, कारण कॉकपिटमधून एलिव्हेटर नीट दिसत नाही. योक धरताना अंगठे वर ठेवा आणि योक वळवा: अंगठे ज्या बाजूला कलतील, त्या बाजूचं एलेरॉन वर उठलं पाहिजे. योक मागे ओढलं की एलिव्हेटरची मागची कड वर, उजवा पेडल दाबला की रडर उजवीकडे. बाहेरच्या माणसाने नुसतं ‘ओके’ म्हणू नये. ‘डावं वर, उजवं खाली’ असं मोठ्याने सांगावं. जरा जरी शंका आली तरी सही करू नका, आम्हाला हाक मारा. पॅनल पुन्हा उघडण्याचे पैसे आम्ही लावत नाही.