तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया: उपचारांनंतर रेमिशनची तपासणी

तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया (एपीएल) या रक्ताच्या कर्करोगात १५ व १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन पीएमएल-आरएआरए हे जोडजनुक तयार होते. रोग हटला का, म्हणजे रेमिशन मिळाले का, याचा निवाडा शेवटी या जनुकावरूनच होतो. पण ते केव्हा शोधले, यावर निकालाचा अर्थ अवलंबून असतो.

एट्रा (अ-जीवनसत्त्वापासून बनलेले औषध) आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड ही औषधे रोगपेशींना पक्व व्हायला भाग पाडतात. त्यामुळे इतर तीव्र ल्युकेमियांत केमोथेरपीनंतर मज्जा (हाडांतील रक्त बनवणारा मऊ भाग) रिकामी होते, तशी इथे होत नाही. चौदाव्या दिवशी मज्जा काढली तर अर्धवट पिकलेले प्रोमायलोसाइट (पांढऱ्या पेशींचे अपक्व रूप) भरपूर दिसतात आणि अहवालात 'रोग शिल्लक' असा शेरा येतो. त्यावर विसंबून औषध बदलणे घातक ठरते. पेशी पूर्ण पिकायला कधी ४० ते ५० दिवस लागतात, आणि पीएमएल-आरएआरए असलेला रोग या औषधांना सुरुवातीपासून दाद देत नाही, असे क्वचितच घडते. म्हणून मज्जा रक्तपेशींची संख्या सावरल्यावरच तपासावी: न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटरला १,००० आणि प्लेटलेट १ लाख किंवा अधिक. मज्जेत ब्लास्ट (अगदी अपक्व पेशी) ५ टक्क्यांहून कमी असले आणि विकृत प्रोमायलोसाइट उरले नसले, तर रेमिशन पूर्ण मानतात. या टप्प्यावर पीसीआर (जोडजनुक शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आली तरी उपचार बदलत नाहीत.

खरी कसोटी कन्सॉलिडेशन (रेमिशननंतर ते पक्के करण्यासाठीचे उपचार) संपल्यावर. तेव्हा मज्जेची आरटी-पीसीआर (पेशींतील आरएनएवर केलेली पीसीआर) निगेटिव्हच यायला हवी. चाचणीने निदान १०,००० पेशींत एक रोगपेशी पकडावी. नमुना गोठू नये म्हणून तो ईडीटीएच्या नळीत घ्यावा, हेपॅरिनच्या नाही, कारण हेपॅरिन पीसीआरमध्ये अडथळा आणते. सुईने मज्जा ओढताना पहिल्याच ओढीतली वापरावी. नंतरच्या ओढीत रक्त मिसळून रोगपेशी विरळ होतात. आरएनए खराब झाला असेल तरीही निकाल खोटा निगेटिव्ह येतो, म्हणून एबीएल१सारखे नियंत्रक जनुक (नमुना चांगला आहे का हे दाखवणारे, प्रत्येक पेशीत असणारे जनुक) पुरेसे सापडले का, हे अहवालात पाहावेच. जोडजनुकाचे तीन प्रकार असतात. निदानाच्या वेळी कोणता होता याची नोंद नसेल, तर निगेटिव्ह निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

पॉझिटिव्ह आल्यास दोन ते चार आठवड्यांत नवा नमुना पुन्हा तपासतात. दोन्हींत जनुक सापडले की रोग रेणवीय पातळीवर टिकून आहे, किंवा आधी निगेटिव्ह असल्यास उलटला आहे, असे धरतात. मग रक्तपेशी घटण्याची वाट न पाहता उपचार लगेच सुरू करतात.

सुरुवातीला पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला १०,००० पर्यंत होत्या आणि एट्रा-आर्सेनिकने कन्सॉलिडेशनअखेर चाचणी निगेटिव्ह आली, तर पुढची देखरेख थांबवता येते. संख्या त्याहून जास्त होती त्यांची चाचणी तीन वर्षे दर तीन महिन्यांनी करतात. अशा रुग्णाला डोकेदुखी किंवा दृष्टीची तक्रार जाणवली, तर मज्जा निगेटिव्ह असली तरी मणक्यातील पाणी तपासावे, कारण रोग मेंदूच्या आवरणातही परततो.